शाळेचा आराखडा आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिसंस्थेच्या चौल येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव करणे ही आपल्या संमेलनाची जुनी प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु आज मी जे मूल पारितोषिक घेण्यासाठी कधीच पुढे येत नाही त्याच्याविषयी, आणि ते ज्या शाळेत शिकते त्या शाळेविषयी चार शब्द बोलणार आहे. ऐपत असलेल्या कुटुंबांची मुले शहरांतील शाळांकडे वळली. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिली ती बहुधा ज्यांना अन्यत्र जाणे परवडत नाही अशांची. पट घटला की शिक्षक घटतात आणि शिक्षक घटले की उरलेले पालकही मुले काढून नेतात. कोकणातील कित्येक गावांत हे चक्र फिरत आहे. ते उलट दिशेने कसे फिरवावे, हाच आजचा प्रश्न होय.

साधने नाहीत असे मुळीच नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले व शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम त्या समितीकडे सोपविले. पुढे २०१५ साली ‘शाळासिद्धी’ हा राष्ट्रीय उपक्रम आला. त्यात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके होती. प्रत्येक मानकावर आपण तीन पातळ्यांपैकी कोठे आहोत हे शाळेने प्रथम स्वतःच पाहावयाचे, आणि अखेरीस सुधारणेचा कृती-आराखडा लिहावयाचा, अशी योजना होती. तात्पर्य, कागदाची उणीव नाही. उणीव आहे ती लिहिलेला कागद पुन्हा उघडून पाहण्याची.

आपण वाडीवाले लोक आहोत; म्हणून वाडीचेच उदाहरण घेतो. माड पिवळा पडू लागला, तर कोणी त्याच्या खोडाला रंग देत नाही. पाणी कमी पडले की साचून राहिले, खत सरले की शेंड्याला भुंगा लागला, हे आधी पाहतो. मग उपाय करतो, आणि काही महिन्यांनी नवी झावळी कशी येते आहे ते पुन्हा पाहतो. शाळेच्या बाबतीत मात्र आपण नेमके खोड रंगवितो. भिंतींवर चित्रे काढतो, बाके देतो, संगणक देतो, आणि समाधानाने घरी येतो.

आता आराखडा म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. समजा, चौथीच्या वर्गात वीस मुले आहेत आणि सात मुलांना सोपा परिच्छेद वाचता येत नाही. ‘प्रथम’ ह्या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलांचे वाचन तपासले जात आले आहे. त्या धर्तीवर एकेका मुलाचे वाचन पाहण्यास काही मिनिटे पुरतात. मुले सात निघाली. परंतु कारण एकच असेल असे नाही. समजा, त्यांपैकी तिघे वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतील आहेत. अशी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. उरलेल्या चौघांना जोडाक्षरे अडतात. पहिल्या तिघांसाठी आई-बाप जाण्यापूर्वीच मुले गावात कोणाकडे राहू शकतील, त्यांच्या जेवणाखाण्याचे काय, हे ठरले पाहिजे. चौघांसाठी रोज अर्धा तास वेगळे वाचन हवे. ‘वाचन सुधारावे’ एवढेच लिहिले तर दोन्ही गोष्टी राहून जातात.

म्हणून आराखड्याच्या ओळीत सहा गोष्टी याव्यात: अडचण कोणती, ती कशावरून कळली, तिचे कारण काय, काम काय करावयाचे, ते कोणी करावयाचे आणि केव्हापर्यंत. सातवा रकाना कोरा ठेवावा. तो ठरलेल्या तारखेस, काय फळ दिसले ते पाहून भरावयाचा. फळ दिसले नाही तर शिक्षकास बोल लावू नये. कारण चुकीचे शोधले असेल असे समजून उपाय बदलावा. जेथे अपयश लिहिण्याची भीती वाटते, तेथे आराखडे सुंदर होतात आणि मुले होती तेथेच राहतात.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटातील शाळांचे नाव आपण ऐकले असेल. विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी केलेले काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवर आखलेल्या आकृत्या आपल्या शाळेत उतरविणे सोपे असते. प्रत्येक मूल कोठे अडले आहे हे रोज पाहण्याची सवय उचलणे कठीण असते. घेण्याजोगी आहे ती सवय.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. त्या शाळेत आपल्या ज्ञातीची मुले थोडीच. मग ज्ञातीचा पैसा तेथे का खर्चावा, असे काही बंधू विचारतात. हा प्रश्न अप्रामाणिक नाही, कारण निधी सभासदांच्या घामाचा आहे. त्यास उत्तर राजर्षी शाहू महाराजांच्या कार्यात सापडते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास उत्तेजन दिले. पण ते तेथेच थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात सर्वांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्ञातीची संस्था ही पहिली पायरी होय. पायरीवरच बैठक मारली तर घरात कधी जाणार? शिवाय, आज आपली मुले बाहेर आहेत म्हणून उद्या आपल्यापैकी एखाद्या गरीब घराला त्या शाळेची गरज लागणार नाही, असे कोण सांगू शकेल?

म्हणून माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, शाळेला देणगी देण्यापूर्वी समितीचा आराखडा वाचावा आणि त्यात जे मागितले असेल तेच द्यावे. दुसरी, समितीच्या संमतीने आपले दोन सभासद दर तीन महिन्यांनी शाळेत जावेत. तपासनीस म्हणून नव्हे, तर तो सातवा रकाना शिक्षकांसमवेत वाचण्यासाठी. तिसरी, मदत मुलाची जात न विचारता त्याची अडचण विचारून व्हावी.

ह्या सूचनांस फार पैसा लागत नाही. लागते ते सातत्य. सुपारीचे रोप लावणारा पहिल्या वर्षी फळ मागत नाही, पण पाणी मात्र चुकवीत नाही. तेवढी निष्ठा आपण गावच्या शाळेला द्यावी, अशी आपणा सर्वांस विनंती आहे.