कूपनांची डबी आणि घरखर्चाची वही



आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे कूपन! चहाच्या पुड्यात, साबणाच्या वेष्टनावर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आणि आता हातातल्या मोबाईलवरही येणारा तो ‘दहा रुपये सूट’ असा निरोप. एवढ्याशा कपट्यावर काय बोलावयाचे, असे आमच्या घरीही मला विचारण्यात आले. परंतु आपल्या आदिलाबादकडे कितीतरी घरांत पैसा येतो तो कापूस विकला म्हणजे, वर्षातून एकदा. आणि मीठमिरचीचा खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. अशा घरातल्या गृहिणीला दहा रुपये हे दहा रुपयेच असतात. तेव्हा विषय लहान असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कूपन हा शब्द आमच्या घरात आला तो शिधापत्रिकेबरोबर. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि पुढे साखर, रॉकेल, धान्य यांच्यासाठी रांगेत उभे राहणे गावोगावच्या लोकांच्या अंगवळणी पडले. माझ्या सासूबाई ती पत्रिका देवघरातल्या पोथीखाली ठेवीत असत. आजही तेलंगणात शिधापत्रिकेचे मोल कमी झालेले नाही. २०२५ च्या एप्रिलपासून त्यावर बारीक तांदूळ मोफत मिळू लागला. आपली मराठी घरे भाकरीवर वाढलेली. तरी तांदूळ घरात आला म्हणजे तेवढी ज्वारी विकत घेण्याचे वाचते, हे हिशेबी बाईला सांगावयास नको.

पण शिध्याचे कूपन आणि दुकानाचे कूपन यांत मोठा भेद आहे. पहिला आपला हक्क आहे. दुसरे निमंत्रण आहे. आणि निमंत्रण देणाऱ्याचा त्यात काही हेतू असतो. अमेरिकेतील अटलांटा शहरात १८८७ च्या सुमारास कोका-कोला हे पेय नवीन असताना त्याच्या मालकांनी एक पेला फुकट मिळेल अशा चिठ्ठ्या वाटल्या. फुकट पेला हे दानधर्माचे काम नव्हते. चव लागली की दुसरा पेला माणूस पैसे देऊन घेतो, हे त्यांना ठाऊक होते. आज आपल्या हाती येणाऱ्या कूपनामागेही हाच हिशेब असतो. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. दुकानदार कूपन घेतो, ते कंपनीच्या वितरकाकडे देतो व आपली रक्कम वसूल करतो. व्यवहार सरळ आहे. फक्त आपण आपला हिशेब करून त्यात उतरावे.

मी स्वतः तो न करता उतरले होते. एका साबणाची सहा वेष्टने जमविली की स्टीलचा डबा मिळेल, अशी योजना आली. घरात दोन वड्या पुरेशा असताना मी सहा आणल्या. डबा घ्यावयास गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, “वहिनी, मुदत परवाच संपली.” मुदत वेष्टनावर छापलेली होती, पण ती इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. तेव्हापासून एक नियम केला. तेलुगु शाळेत जाणारी आमची नात प्रत्येक कूपन मला मोठ्याने वाचून दाखविते: मुदत केव्हाची, किती वजनाच्या पुड्यावर, कोणत्या दुकानात, एका वेळी किती. नातीला तेलुगु वाचता येते, इंग्रजी येते, आणि आजीला हिशेब येतो; असा आमचा संसार चालतो.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनी कूपने जमविण्यापासून करू नये. आरंभ वहीपासून करावा. एक महिनाभर घरात काय आले, किती आले व कितीला आले, एवढेच लिहावे. महिन्याच्या अखेरीस आपल्या घराची खरी गरज आपल्यापुढे उभी राहते, आणि ती पाहून पुष्कळदा आपणच चकित होतो. बिस्किटांवर इतके? मग एक डबी घ्यावी. माझी हिंगाची जुनी डबी आहे, कूपनांना अजून वास येतो. ज्या वस्तू वहीत आहेत त्यांचीच कूपने डबीत जातील. बाकीची चुलीत गेली तरी चालतील. ज्याची मुदत आधी संपते ते वर ठेवावे.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पुड्यावर छापलेली कमाल किंमत सर्व करांसह असते, आणि तिच्याहून कमी घेण्यास दुकानदार मोकळा आहे. आपला नेहमीचा दुकानदार मुळातच दोनचार रुपये कमी घेत असेल, आणि कूपनाची सूट मात्र छापील किमतीवर मिळत असेल, तर वाचले किती? दुसरी गोष्ट वजनाची. समजा, अर्धा किलो धुण्याची पावडर साठ रुपयांस आहे व कूपनाने ती पन्नासास मिळते. शेजारीच एक किलोचा पुडा शहाण्णवला आहे. म्हणजे अर्धा किलो अठ्ठेचाळीसला पडला. कूपन वापरूनही आपण दोन रुपये जास्तच दिले. हल्ली पुष्कळ पुड्यांवर ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो. तो शोधण्याची सवय लावावी. चष्मा लागला तर लागू द्या.

‘पाचशेच्या खरेदीवर पन्नास सूट’ हे कूपन तर फारच गोड बोलणारे. आपली यादी तीनशेऐंशीची असते. पन्नास वाचविण्यासाठी आपण एकशेवीसचा माल उगाच घेतो, आणि साडेचारशे देऊन बाहेर पडतो. पिशवी जड होते, म्हणून आनंदही होतो!

मोबाईलवरच्या कूपनांबद्दल एकच सांगते. खरे कूपन तुमच्याकडे खात्याचा गुप्त अंक कधीच मागत नाही. मागितला की ते कूपन नव्हे, चोर आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारले तिच्याकडे येते. बेला भागातील माझ्या परिचयाच्या एका शेतकरी घरातील बाईंना मी मोठ्या उत्साहाने ही डबी दाखविली. त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, कूपन रोखीवर चालते. आमची तर कापसापर्यंत उधारी.” मी गप्प झाले. त्यांचे म्हणणे खरे होते. उधारीवर माल नेणाऱ्याला भाव विचारता येत नाही, दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, आणि सवलतीचा कागद त्याच्या उपयोगाचा नसतो. ज्याला सुटीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. त्या दुकानदाराला मी दोष देणार नाही. पाऊस लांबला, बोंडे गळाली, की चार महिने घर त्याच्याच मालावर चालते, आणि त्याचेही पैसे तोवर अडकलेले असतात. पण त्या अडकलेल्या पैशाची किंमत भावातच मिळविलेली असते, व ती कोणत्याही कूपनाहून मोठी असते.

मग आम्ही दोघींनी मिळून एक केले. सगळी उधारी एकदम सुटणे शक्य नव्हते. म्हणून पहिल्या वेचणीचा पैसा आला तेव्हा फक्त तीन वस्तू रोखीवर आणल्या: तेल, चहा, साबण. तूर घरच्या कापसातलीच होती. मिरची-हळदीची बेगमी त्यांनी उन्हाळ्यात शेजारच्या चार घरांबरोबर एकत्र पोते घेऊन केली. एकत्र खरेदीची ही रीत नवी नाही. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकर व इतर कष्टकऱ्यांनी स्वतःचे दुकान काढले आणि ज्याची जेवढी खरेदी तेवढा त्याला नफ्याचा वाटा दिला. मुंबईत १९७५ पासून ग्राहक पंचायत शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल वाटीत आली आहे. तिथे सूट कोणी देत नाही. पाचपंचवीस घरांची यादी एक झाली की भाव आपोआप उतरतो. आपल्याकडे गावोगावी बायकांचे बचतगट आहेत. कर्जाचा हप्ता भरण्यासाठी जमतो तेव्हाच तेलाच्या डब्याचीही गोष्ट काढली, तर सभा काही लांबणार नाही.

त्या बाईंच्या वहीत गेल्या वर्षी रोखीच्या वस्तू तीन होत्या. यंदा सात आहेत. उधारीचे पान अजून आहे, पण ते एकच आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारले, “ताई, तुमच्या डबीत चहाचे कूपन आहे का?” होते. येत्या शनिवारी त्याची मुदत संपते, आणि त्यांचा चहा संपत आला आहे. तेव्हा उद्या सकाळच्या गाडीने मी बेल्याला जात आहे.