डोअर डिलिव्हरी म्हणजे नक्की कुठपर्यंत?

आजचा एपिसोड छोटा आहे. जुन्या गाड्यांवर जीव असलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो: दिल्लीच्या मायापुरीत इंजिन मिळतंय, पण सांगलीला घरी आणायचं कसं?

छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट शंभर किलोच्या आसपास जातं. कुरिअरचं हे काम नाही. ट्रान्सपोर्टला पार्ट लोडमध्ये टाकायचं. म्हणजे तुमचं इंजिन कापडाच्या गाठी आणि साबणाच्या खोक्यांशेजारी बसून येणार. म्हणून विकणाऱ्याला ऑइल, कूलंट पूर्ण काढायला सांगा, आणि इंजिन लाकडी क्रेटच्या तळाला बोल्टने आवळायला लावा. घासाघीस इंजिनावर करा, क्रेटवर नको!

माझ्या बिल्टीवर चक्क ‘डोअर डिलिव्हरी’ होतं. ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, उतरवून घ्या." हमाल नाही, काही नाही. त्याचंही बरोबर होतं म्हणा, उतरवायचे पैसे भाड्यात धरलेच नव्हते. आता मी सरळ गोडाऊन डिलिव्हरी घेतो. तिथे हमाल असतात, माल छोटा हत्तीत चढतो आणि थेट गॅरेजला जातो. गॅरेजवाल्याकडे चेन ब्लॉक असतो, आपल्या पार्किंगमध्ये नसतो.

आता बिल्टीचं. 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याचे 2011 चे नियम आहेत. मालाचं नुकसान झालं तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच. भाडं 2,000 असेल तर 20,000. इंजिन 45,000 चं असलं तरी! जास्त हवं असेल तर बुक करतानाच जास्त किंमत जाहीर करून वरचे पैसे भरायचे. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

माल आला की आधी क्रेट बघा, फोटो काढा, मग सही. तुटकं दिसलं तर पोचपावतीवर तिथेच शेरा लिहा. ड्रायव्हर घाई करेल, करू दे. भरपाईची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यायची असते, माल हातात पडल्यापासून नाही.

आणि विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागवा, पैसे पाठवायच्या आधी. नवा नंबर आरसीवर चढवायला आरटीओत ते लागतं.