औषधांना न जुमानणारे जंतु

सोलापुराहून अक्कलकोटकडे निघालें म्हणजे वाटेंत कुंभारी गांव लागतें. विडी-कामगारांच्या मोठ्या वसाहती आणि अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांमुळें या गांवाचें नांव दूरवर पोंचलें आहे. विडी वळणारी आई तापानें फणफणलेलें मूल घेऊन कोणत्याहि रुग्णालयाची पायरी चढते, ती औषधानें गुण येईल या भरंवशावर. तें औषधच निरुपयोगी ठरलें तर?

हें भय काल्पनिक नाहीं. अपुऱ्या मात्रेमुळें जंतु मरण्याऐवजीं औषध सोसावयास शिकतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत दिला होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील तज्ज्ञांनीं ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळांत कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ नमुने तपासले. त्यांपैकीं २२ नमुन्यांतील जंतूंत तें औषध निकामी करणारें ‘एनडीएम-१’ हें विकर आढळलें.

असे जंतु एकाच कक्षांत वारंवार दिसूं लागले कीं शोध सुरू होतो. ही वाढ खरी आहे, कीं तपासण्याची रीत बदलल्यामुळें भासते, हें प्रथम पाहावें लागतें. मग प्रत्येक रुग्णाची खाट, दाखल झाल्याची तारीख, शस्त्रक्रिया, लावलेल्या नळ्या आणि दिलेलीं औषधें यांची यादी होते. बरेच रुग्ण एकदम आजारी पडले असतील, तर एखादी सामायिक बाटली वा उपकरण यांवर संशय जातो. संख्या हळूहळू चढत असेल, तर जंतु हातोहात पसरत असण्याचा संभव अधिक. हात धुण्याच्या कुंड्या, नळ, श्वासयंत्राच्या नळ्या यांवरील नमुने घेऊन ते जंतु रुग्णांच्या जंतूंशीं जुळतात कीं काय, हें त्यांच्या जनुकांवरून ताडून पाहतात. आजारी पडलेल्यांची तुलना त्याच कक्षांत राहून न पडलेल्यांशींहि करावी लागते.

तुलनेचा हा मार्ग जुनाच आहे. व्हिएन्नाच्या सूतिकागृहांत शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांच्या कक्षांत बाळंतिणी अधिक दगावतात आणि सुइणींच्या कक्षांत कमी, हें पाहून सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा दंडक घातला. १८४६ सालीं त्या कक्षांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ११ हून अधिक होतें. १८४८ सालीं तें शेंकडा दीडाच्याहि खालीं आलें.

मात्र शोधाचा उद्देश गुन्हेगार पकडणें हा नव्हे. दोष अंगावर येईल या धास्तीनें परिचारिकेनें एक घटना दडविली, तरी साखळीचा दुवा निसटतो आणि पुढच्या खाटेवरचें मूल धोक्यांत येतें. म्हणून खरें सांगणाऱ्यास अभय देणें, हें चालकांचें कर्तव्य होय.

गृहस्थांनींहि आपला वांटा उचलावा. साध्या पडशाला प्रतिजैविकें मागूं नयेत, कपाटांतील उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊं नयेत, आणि आजाऱ्याच्या भेटीस जातांना व परततांना हात धुवावेत. उद्यां तीच औषधें आपल्या घरच्या मुलास लागतील.