पाय न टेकता पाहावयाचा समुद्र

(मालवणच्या सहलीस निघालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येत्या आठवड्यात आपण मालवणला जाणार आहात. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी स्नॉर्कलिंग आणि दुपारी सिंधुदुर्ग किल्ला अशा दोन नोंदी मी पाहिल्या. किल्ल्याविषयी सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि पुस्तकेही आहेत. परंतु त्या किल्ल्याच्या तटाबाहेर, पाण्याखाली कोणती वस्ती नांदते आहे, याची माहिती फारच थोड्या पर्यटकांना असते. म्हणून आज मी त्या सकाळच्या दोन-तीन तासांविषयीच बोलणार आहे.

मालवण साधारण सोळा अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधात वसले आहे. बंदरातून समोर दिसते ते कुरटे बेट. याच बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. किल्ल्याचा हा मान सर्वांना ठाऊक आहे. भोवतीच्या पाण्यालाही एक मान आहे, तो मात्र तितकासा ठाऊक नाही. १९८७ मध्ये राज्य शासनाने येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केले. किल्ल्याच्या आसपासचे पाणी या अभयारण्यात येते.

अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा किंवा मेळघाट उभे राहते. तेथे आपण गाडीत बसून प्राणी पाहतो. गाडीतून खाली उतरण्यास मनाई असते. मालवणला याच्या नेमके उलट घडते. येथे वाहनातून उतरणे हाच कार्यक्रम असतो. आपण थेट प्राण्यांच्या घरात शिरतो आणि त्यांच्यापासून हात-दोन हातांवर तरंगत राहतो. अशी मोकळीक जेथे मिळते, तेथे पाहुण्याची जबाबदारीही तितकीच वाढते.

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. स्नॉर्कलिंगला लागते ते थोडके: डोळे व नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरावयाची नळी आणि अंगात जीवरक्षक जाकीट. पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगावयाचे, चेहरा पाण्यात ठेवावयाचा आणि नळीचे वरचे टोक पाण्याबाहेर राखून तोंडाने श्वास घ्यावयाचा, एवढीच त्याची रीत. ही नळी सुमारे दीड वीत लांब असते. नळी आणखी लांब केली तर अधिक खोल जाता येईल, असे काहींना वाटते. ते शक्य नाही. थोड्याशाच खोलीवर पाण्याचा दाब छातीवर इतका पडतो की फुप्फुसे फुगविणे जड जाते. शिवाय लांब नळीत सोडलेलाच श्वास अडकून पुन्हा आत येतो. म्हणून हा पृष्ठभागावरचाच प्रकार आहे. मालवणला बहुधा पर्यटकाच्या हाती एक हवा भरलेले रबरी कडे देतात आणि मार्गदर्शक ते कडे धरून त्याला फिरवून आणतो. पोहता न येणाऱ्यांनाही त्यामुळे समुद्राचा तळ पाहता येतो.

पाण्यात मान घातली की दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. काचेतून पाहिलेली वस्तू पाण्यात सुमारे एकतृतीयांशाने मोठी आणि प्रत्यक्षाहून जवळ भासते. तेव्हा मासा अंगावर आला असे वाटून दचकू नये. दुसरे असे की, पाणी प्रथम तांबडा रंग शोषून घेते. त्यामुळे चित्रांत पाहिलेले भडक रंग तेथे दिसले नाहीत तर निराश होऊ नये. मालवणचे पाणी लक्षद्वीप-अंदमानच्या पाण्याइतके नितळ नसते. कर्ली नदी देवबागजवळ समुद्रास मिळते. तिच्यासारख्या नद्यांचा आणि खाड्यांचा गाळ या किनाऱ्यावर येत राहतो. म्हणून दिवस निवडण्यालाही महत्त्व आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक ढवळते, तर अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी बांधव भांग म्हणतात, त्या दिवसांत ते तुलनेने शांत राहते. पर्यटक रविवार पाहून येतो. दर्यावर्दी माणूस तिथी पाहतो. या बाबतीत दर्यावर्द्याचे ऐकावे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मालवणच्या तळाशी जे पाहावयाचे, त्यात सर्वांत मोलाचे आहे ते प्रवाळ. आपल्याकडे पोवळे म्हणून अंगठीत जडवितात, ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रासारख्या दूरच्या सागरातून येते. मालवणचे प्रवाळ निराळे. ते दिसावयास मुळीच दागिन्यासारखे नाही. झाडाच्या फांद्यांसारखी सुबक रचना पाहण्याची अपेक्षा घेऊन आपण गेलात, तर कदाचित ते आपल्या नजरेतून निसटूनच जाईल. येथील प्रवाळ बहुतांशी गोलसर धोंड्यासारखे किंवा खडकावर दिलेल्या लेपासारखे असते. करडे, हिरवट, तपकिरी. प्रथमदर्शनी कोणीही त्याला दगडच म्हणेल.

आणि येथेच सारी अडचण आहे. तो दगड नसून एक वसाहत आहे. हजारो अतिसूक्ष्म प्राणी शेजारी शेजारी राहून आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. प्रत्येकाच्या अंगात शेवाळाच्या जातीच्या एकपेशीय वनस्पती राहतात. सूर्यप्रकाशात त्या अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. प्रवाळाचा रंगही मुख्यतः त्यांचाच. ही घरबांधणी अत्यंत संथ असते. गोल धोंड्यासारखे काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. हाताच्या ओंजळीएवढा तुकडा तयार होण्यास आपल्यातील एखाद्याचे सारे शालेय जीवन खर्ची पडावे, इतका काळ लागतो. त्या कपारींत लहान मासे वाढतात, त्यांच्या मागे गोबरा, तांबोशी यांच्यासारखे मोठे मासे येतात आणि त्यांच्या मागे मच्छीमाराची होडी येते. मालवणच्या घराघरांतील ताटाचा त्या 'दगडा'शी असा संबंध आहे.

आता कल्पना करा. नवखा पर्यटक पाण्यात उतरतो. नळीत थोडे खारे पाणी शिरते. तो घाबरतो. घाबरलेल्या माणसाची पहिली हालचाल कोणती? तो उभा राहू पाहतो; पाय खाली सोडतो आणि आधार शोधतो. खाली जो 'दगड' हाताशी येतो त्यावर पाय टेकतो, त्याला हात घालतो. त्यात द्वेष नाही, नासधूस करण्याचा हेतू नाही, भीती आहे. परंतु त्या एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ चिरडली जाते. दिवसभरात एकाच जागी शंभर पर्यटक उतरले आणि त्यांतील दहा जरी असे घाबरले, तरी हंगामाच्या अखेरीस त्या जागेचे काय होईल, याचा हिशेब आपणच करावा.

म्हणून माझे आपणांस सांगणे एवढेच की, प्रवाळाचे रक्षण करावयाचे तर आधी निवांत तरंगावयास शिका. जो शांतपणे तरंगतो त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका कमी आणि खालच्या जिवांनाही त्याच्यापासून उपद्रव नाही. सुरक्षितता आणि संवर्धन ही येथे दोन वेगळी प्रकरणे नाहीत. होडीतून खोल पाण्यात जाण्यापूर्वी, कमरेएवढ्या पाण्यात वाळूवर उभे राहून दहा मिनिटे सराव करा. मास्क घालून चेहरा पाण्यात बुडवा. तोंडाने संथ श्वास घ्या. नळीत पाणी आले तर जोराने फुंकर मारून ते बाहेर टाका. मास्कमध्ये पाणी शिरले तर मान वर काढा, कडे धरा आणि मास्क नीट करा. पाय खाली सोडण्याची गरज कोठेच पडत नाही, हे एकदा अंगवळणी पडले की पुढचा सारा वेळ आनंदाचा जातो.

येथे मार्गदर्शकाचे महत्त्व येते. हे युवक बहुधा किनाऱ्यावरच्या घरांतले असतात. त्यांच्या वाडवडिलांनी रापणीचे दोर ओढलेले असतात. कोणत्या खडकाजवळ ओढ आहे, वारा फिरला की होडी कोठे न्यावी, हे ज्ञान त्यांना घरातच मिळालेले असते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पाणबुडीविद्येच्या प्रशिक्षणाची सोयही केली आहे. अशा मार्गदर्शकाने 'चला, परत फिरू या' म्हटले की पैसे भरल्याचा वाद घालू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. मे महिन्याच्या अखेरीस हा समुद्र आपले रूप पालटू लागतो. जाकीट उकडते, फोटोत चांगले दिसत नाही, या सबबी होडीत चढताना किनाऱ्यावरच सोडून द्याव्यात. दमा, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असेल, तर तो लपवू नये. मार्गदर्शकास आधी सांगावा.

काही पथ्ये आपणही पाळावयाची आहेत. माशांना पाव किंवा बिस्किटे घालू नका. त्याने मासे भोवती गोळा होतात हे खरे. परंतु खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाची जागा स्वच्छ ठेवणारे मासे आयत्या खाद्यास चटावतात आणि आपले काम सोडतात. होडीचा नांगर प्रवाळावर न टाकता वाळूवर टाकावा किंवा होडी ठरलेल्या तरंगत्या खुणेला बांधावी, असा आग्रह ग्राहक म्हणून आपण धरू शकता. अंगाला उन्हापासून बचावाची मलमे चोपडून पाण्यात उतरण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घालणे बरे. अशा काही मलमांतील द्रव्ये प्रवाळास बाधक ठरतात, म्हणून हवाई बेटांवर २०२१ पासून त्यांच्या विक्रीस बंदी आहे. आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालण्याचा मोह झालाच, तर हे ध्यानी असू द्या की, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाला स्थान आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसले आहे.

आपल्यापैकी काहींचे कुटुंबीय सेल्युलर जेलचे दर्शन घेण्यासाठी अंदमानला जाऊन आले असतील. तेथील वंडूर येथे १९८३ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातील जॉली बॉय बेटावर एका दिवसाची सहल जाते. तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्या-बाटल्या नेता येत नाहीत. शिवाय जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे पर्यटकांना आळीपाळीने खुली करतात, जेणेकरून एकाची सेवा घेताना दुसऱ्यास विसावा मिळावा. शेतकरी जमीन पडीक ठेवतो त्यातलाच हा विचार. मालवणच्या पाण्यातही गर्दीच्या जागांना असा विसावा मिळावा, याचा विचार स्थानिक व्यावसायिकांनी आणि शासनाने मिळून करण्यासारखा आहे.

याचे कारण असे की, प्रवाळावरील संकट केवळ पर्यटकांचे नाही. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून समुद्राचे पाणी एखादा अंश जरी अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील वनस्पती बाहेर टाकते आणि पांढरे पडते. याला विरंजन म्हणतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळाने हा आघात सोसला. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगातील चौथे व्यापक विरंजन जाहीर केले. समुद्राचे तापमान मालवणचा होडीवाला कमी करू शकत नाही. आपणही एका सहलीत ते करू शकणार नाही. परंतु आजारी माणसाच्या खाटेवर कोणी पाय देऊन उभा राहत नाही. पांढरे पडलेले प्रवाळ अनुकूल काळ आला तर पुन्हा सावरू शकते. मोडलेल्याला ती संधी फारशी राहत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. अभयारण्य घोषित झाले तेव्हा मासेमारीवर बंधने येतील, या भीतीने मच्छीमार बांधवांनी त्यास विरोध केला. ती भीती पोटापाण्याची होती. ती समजून घेतली पाहिजे. पुढे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा घोषित झाला. पर्यटन वाढले, तसे मच्छीमारांच्या काही मुलांना या पाण्यातच दुसरा रोजगार मिळाला. तो सर्वांच्या घरी पोचला आहे असे नाही, आणि पर्यटकांच्या होड्यांचा जाळ्यांना होणारा त्रासही खोटा नाही. तरीही जिवंत प्रवाळ जाळ्यातल्या माशालाही हवे आणि काचेतून माशाकडे पाहणाऱ्यालाही हवे, ही जाणीव आज किनाऱ्यावर रुजत आहे. तिला बळ द्यावयाचे की नाही, हे आपल्यासारख्या पाहुण्यांच्या वागण्यावर अवलंबून आहे.

दुपारी आपण किल्ल्यावर जाल तेव्हा दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी अवश्य पाहा. चोहोबाजूंनी खारे पाणी असताना तेथे गोडे पाणी मिळते. ते पाणी साडेतीनशे वर्षे टिकले, कारण ज्यांनी ते प्यायले त्यांनी विहिरीही राखल्या. तटाबाहेरील पाण्याबाबत तीच रीत आपणही पाळावी, एवढीच विनंती करतो.

सहल सुखरूप होवो.