वॉर्डातली पहिली पोस्टिंग



पहिल्या वर्षाच्या मुलींनी आत्ता लेझीम काय सुंदर केलं! थोड्याच दिवसांत याच मुली युनिफॉर्म घालून जनरल वॉर्डात उभ्या राहणार आहेत. आज मी त्या पोस्टिंगबद्दलच बोलणार आहे, कारण नर्सिंग सोडून द्यावं असं पहिल्यांदा वाटतं ते बहुतेक वेळा वॉर्डातच.

वॉर्डात जाताना सगळे एकच सांगतात, "मन घट्ट कर." सांगणाऱ्याच्या मनात माया असते. पण मन घट्ट होतं कशाने, हे कोणी सांगत नाही. याचं उत्तर मला एका अभ्यासात सापडलं.

हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबीत, आजारपणात, भांडणाच्या घरात वाढली. तरीही अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे समर्थपणे उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाची शेजारीण, कुणाचे शिक्षक. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. चिवटपणा फक्त जन्मजात नसतो, हे त्याने दाखवलं.

आता रुग्णालयात येऊ. इसाबेल मेन्झीस यांनी लंडनमधल्या एका शिक्षण रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास केला. तो 1960 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तिथे जवळजवळ एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या, आणि त्यांत चांगल्या विद्यार्थिनीही होत्या. तिथली रीत अशी होती: रुग्णाला नावाने हाक मारायची नाही, 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणायचं. विद्यार्थिनींना सतत या वॉर्डातून त्या वॉर्डात हलवायचं, म्हणजे कुणात जीव गुंतायला नको. भीती आणि दुःख दूर ठेवण्यासाठी उभी केलेली ही सगळी व्यवस्था होती. पण मुलींची भीती तिने कमी झाली नाही, उलट त्या एकट्या पडल्या. साठाहून जास्त वर्षं झाली, तरी बेड नंबरने बोलण्याची सवय आपल्याकडे अजून आहे.

मुलांनो, एखाद्या सकाळी तुमच्या वॉर्डात मृत्यू होईल. पडदा ओढला जाईल. सिस्टर तुम्हाला मदतीला बोलावतील. कापूस, गॉज, हनुवटीखालून बांधायची पट्टी, मनगटाला नावाची चिठ्ठी. काल ज्या आजोबांचं टेम्परेचर तुम्ही घेतलं होतं, त्यांचाच हात तुमच्या हातात असेल. बाहेर त्यांची सून रडत असेल. तेवढ्यात पलीकडून हाक येईल, "सिस्टर, सलाईन संपलं!" तुम्ही धावाल. दोन वाजता ड्यूटीचा ओव्हर द्याल, हॉस्टेलवर याल, मेसमध्ये ताट वाढून घ्याल. त्या सकाळबद्दल तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. मला काळजी वाटते ती या न विचारण्याची.

इनचार्ज सिस्टरांना दोष देऊन भागणार नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. आपल्या वॉर्डांत काय परिस्थिती आहे, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या सिस्टरला पाणी प्यायला सवड नाही, ती शिकवणार कधी? म्हणून मी स्पष्टच सांगते, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि मुलांना खंबीरपणाची व्याख्यानं द्यायची, हे बरोबर नाही.

तरीही काही गोष्टी आपल्या हातात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ट्रेसी लेव्हेट-जोन्स यांनी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात कसं वाटतं, याचा अभ्यास केला. जिथे विद्यार्थ्याला आपलं मानलं जातं, तिथे तो प्रश्न विचारतो आणि शिकतो. जिथे तो परका राहतो, तिथे समोर चुकीचं घडत असलं तरी आपल्याला सामावून घ्यावं म्हणून गप्प बसतो. म्हणजे हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशीही जोडलेला आहे.

बोस्टनमधले केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील 1995 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठका आज अमेरिका-ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत होतात. रुग्णसेवा करताना मनावर काय ओझं आलं, ते डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचारी तिथे एकत्र बसून बोलतात.

प्राचार्य मॅडम, आपल्याला एवढा मोठा घाट घालायला नको. वॉर्डात मृत्यू झाला, तर त्या ड्यूटीवरच्या विद्यार्थ्याबरोबर ट्यूटरने दहा मिनिटं बसावं. पोस्टिंगच्या वेळापत्रकातच ही दहा मिनिटं लिहून ठेवावीत, अशी माझी विनंती आहे.

आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनो, पहिल्या वर्षाची मुलं वॉर्डात येतील तेव्हा लिनन कुठे असतं, इमर्जन्सी ट्रॉली कुठे असते, अडलं तर कुणाला विचारायचं, हे तुम्ही दाखवा. त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा. आणि जड गेलेल्या ड्यूटीनंतर त्यांच्यातलं कोणी मेसमध्ये एकटं बसलेलं दिसलं, तर आपलं ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसा.