इरलं आणि नऊ पोरं

शाळा वाचवा म्हणून आपण मोर्चाला जातो. पण वर्गात काय चालतं, बघितलंय कुणी? खानापूर तालुक्यात मी शिकवते तो दुसरीचा वर्ग, पोरं नऊ. सोमवारी चिंचोक्यांनी बेरीज. मंगळवारी आजीकडून जुना शब्द आणायचा होता. एकीनं 'इरलं' आणलं. कुणी बघितलेलंच नाही! बुधवारी तिचे आजोबा माळ्यावरचं बांबू-पानांचं इरलंच घेऊन आले. मग काय, शुक्रवारपर्यंत तेच. डोक्यावर घेतलं, वितीनं मोजलं, चार ओळी लिहिल्या. कन्नडच्या तासाला 'गोरबू' फळ्यावर आला. तेही शिकायलाच पाहिजे की.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं कलम ३५०-अ घटनेत १९५६ ला आलं. आमच्या पहिलीला यंदा नावं दोनच.

शनिवारी गोष्टीचा तास असतो. येत्या शनिवारी सांगायला कोण येतंय?