मागच्या सीटवरून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मोटारींविषयी बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही अभियंते नव्हे; साधे बी. ए. आणि पेशाने केंद्र सरकारचे नोकर. परंतु सरकारी अधिकाऱ्याच्या आयुष्याचा बराच काळ मोटारीच्या मागच्या सीटवर जातो, आणि आम्हांस मोटारींचा नाद लहानपणापासूनचा. प्रत्येक बदलीबरोबर नवा प्रांत, नवे रस्ते आणि नवी गाडी आली, आणि हा नाद वाढतच गेला. बहुतेक लोक मोटारीची परीक्षा बाहेरून करतात. रंग पाहतात, चाके पाहतात. आमचे मत असे, की ती आतून करावी, आणि तीही मागच्या सीटवरून.

हा विचार आमचा एकट्याचा नव्हे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर बुलांझे यांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या अभियंत्यांना घातलेली अट प्रसिद्ध आहे. नांगरलेल्या शेतातून गाडी नेली, तरी टोपलीतले अंडे फुटता कामा नये! शिवाय डोक्यावरची हॅट न काढता आत बसता आले पाहिजे. बुलांझे पुण्यात जन्मले असते, तर त्यांनी पगडीची अट घातली असती. ही 'टू सी व्ही' गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली, तेव्हा तिची मनसोक्त थट्टा झाली. पण थट्टेला पुरून उरून ती १९९० पर्यंत बनत राहिली.

इंग्लंडात अलेक इसिगोनिस यांनी याच वाटेने विचार केला. १९५६ च्या सुएझ प्रकरणामुळे तेथे पेट्रोलची टंचाई झाली होती. त्यांनी इंजिन आडवे बसविले, गिअरबॉक्स त्याच्याखाली घातला आणि अवघ्या दहा फुटांत चार माणसांची सोय केली. १९५९ सालची 'मिनी' ती हीच. यंत्राला कमीत कमी जागा आणि माणसाला जास्तीत जास्त, हे तिचे सूत्र.

आता घरच्या गाड्यांकडे वळू. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात अँबॅसडर झाली. तिचे स्टिअरिंग जड, तिची चाल संथ. तरीही आमच्या कसोटीला ती उतरते. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना स्टेशनवरून घरी आणायचे असेल, तर त्या फार न वाकता दारातून आत शिरतात आणि सोफ्यावर टेकावे तशा टेकतात. उतरताना कोणी हात द्यावा लागत नाही. मुंबईत वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बांधली. तिच्या आधीच्या रूपाला लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. पुढची 'पद्मिनी' झाली आणि टॅक्सीच्या काळ्या-पिवळ्या वेषात मुंबईची ओळख बनली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतून ती निवृत्त झाली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि एक मोठा फेरफार झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. तोवर मोटारीचा मालक पुष्कळदा मागे बसे व पुढे ड्रायव्हर असे. मारुतीने मालकाला स्टिअरिंगवर बसविले. अनेक घरांतील गृहिणीही तेथे बसली. ही गोष्ट फार चांगली झाली. परंतु त्याबरोबर गाडीतले मानाचे स्थान पुढे सरकले, आणि मागे कोण राहिले? मुले आणि म्हातारी माणसे. म्हणजे दुकानात गाडी पसंत करताना ज्यांचे मत कोणी विचारीत नाही, ती मंडळी. अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोघींचे उत्पादन २०१४ या एकाच वर्षी थांबले. ही वाटणी मात्र कायम राहिली.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलेली नॅनो २००८ साली लोकांपुढे आली. इंजिन मागे, छप्पर उंच, आणि एवढ्याशा गाडीत मागे पाय पसरण्यास जागा. डिकी बाहेरून उघडत नसे, हा दोष खराच. पण ती रचनेने पडली नाही, 'स्वस्त' या शिक्क्याने पडली, असे आमचे मत आहे.

आजच्या गाड्या आम्हांस रागावल्यासारख्या दिसतात. चाके मोठी, दिवे वटारलेले. आणि मागच्या खिडकीची काच इतकी आखूड, की मुलाला रस्त्याकडेची शेते दिसत नाहीत, केवळ आभाळ दिसते. पायरी इतकी उंच, की आजीबाईंना गाडीत चढवावे लागते. पंख्याचा वेग बदलण्यासही पडद्यावर बोट फिरवावे लागते, तेव्हा चालकाची नजर रस्त्यावरून ढळते. याला सुधारणा म्हणणे आम्हांस जड जाते.

मात्र जुन्याचा अभिमान धरताना एक हिशेब विसरू नये. जुन्या गाडीचा पत्रा जाड होता, पण अपघातात माणूस वाचविण्याची योजना तीत नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या साध्या आवृत्त्या परदेशी चाचणीत आदळून पाहिल्या, तेव्हा प्रौढांच्या संरक्षणासाठी एकीलाही एक तारा मिळाला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. तीत मुलांच्या संरक्षणाचे तारे वेगळे दिलेले असतात. रंग निवडण्यापूर्वी ते वाचावेत.

आपण सारे घरापासून दूर राहणारे. गावाकडून आईवडील येतात, सुटीत मुलांना घेऊन आपण लांबचे रस्ते तुडवितो. आपली सर्वांत जिवाची माणसे मागच्या सीटवर असतात. पुढचा पट्टा पोलिसाच्या धाकाने बांधला जातो; मागचा मात्र सीटच्या फटीत दडपलेला असतो. कायद्याने तोही बांधायचा आहे. म्हणून आमची विनंती एवढीच: नवी गाडी घ्याल तेव्हा आधी आईला मागे बसवून पाहा, तिला बाहेरचे दिसते का ते विचारा, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी तिचा पट्टा आपल्या हाताने बांधा.